भावाच्या जेवणाची सोय

रुचिताला कम्प्युटर शिकायचं होतं. एकोडी गावच्या परसरामनं पोरीला झटकलं, "शहरात एकटी राह्यशीन? लोक काय म्हनतीन?" तिला डी.एड.ला घातलं आणि इंजिनीअर केलं तिच्या भावाला, अंकुशला. भावाची पुस्तकं वाचून त्याचे सगळे प्रोग्राम तिनंच लिहिले. पुढे त्याला घरबसल्या नोकरी लागली. लॅपटॉपवर रुचिता राबायची, अंकुश कॉलर ताठ करून गावभर फिरायचा.

मग कंपनीनं फर्मान काढलं, पुण्यात राहा आणि आठवड्यातून एकदा ऑफिसात तोंड दाखवा. तोंड दाखवायला अंकुश होताच. पण बाकीच्या दिवसांचं काय?



दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर परसराम सांगत होता, "पोरीलेबी धाडून राहिलो पुण्याले. भावाले रांधून कोन घालन?"