पांढऱ्याशुभ्र कुरड्या

कोळशाच्या वीजकारखान्यात राख अडवणारं यंत्र होतं. पण ते चालायचं फक्त प्रदूषण मंडळाचे साहेब तपासणीला येणार त्या दिवशी. म्हणून गावातल्या बायका तोच दिवस साधून कुरड्या वाळत घालायच्या. एरवी त्या राखेनं काळवंडायच्या. आज साहेब आले होते ते दुसऱ्या चिमणीच्या परवानगीसाठी. छपरांवरच्या पांढऱ्याशुभ्र कुरड्यांचे फोटो काढत ते पंचफुलाबाईंना म्हणाले, “कुठाय राख, मावशी? कार्बनही मर्यादेत आहे. उगाच तक्रारी करता!” बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपल्याच हातच्या कुरड्यांनी आपल्याविरुद्ध साक्ष दिली होती! घरात दमेकरी सुनेचा आज कुठं डोळा लागला होता. साहेब गाडीत बसले, तशा बाई गाडीपुढं फतकल मारून बसल्या. “मावशी, उठा, जाऊ द्या!” “जाता कायले? राहा इथंच, कुरड्या तळून देतो. तुमी असले तरच माह्या सुनेले श्वास भेटते.”