पंधरा मिनिटं पुढे

“मशीन बंद आणि रीडिंग्ज चालू. हे कसं काय वो, मॅडम?”

यशवंतरावांनी बोट थेट स्क्रीनवर टेकवलं. बारा ओळी लाल झाल्या होत्या.

ब्रेकच्या व्हॉल्व्हमधून हवा गळते का, हे तपासणारं मशीन काल दुपारी दुरुस्तीसाठी बंद केलं होतं. तरीही त्यानंतरच्या दहा मिनिटांतली बारा रीडिंग्ज फाईलमध्ये होती आणि बाराही पास होती. ही विसंगती पकडली होती पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या एका छोट्या स्क्रिप्टने. ती उत्कर्षानेच लिहिली होती, चाकणच्या या कंपनीत लागल्यावर दुसऱ्याच महिन्यात. रोज पहाटे स्क्रिप्ट आदल्या दिवसाची रीडिंग्ज चाळायची आणि काही खटकलं तर विभागप्रमुख यशवंतरावांना परस्पर मेल करायची. मेलची प्रत उत्कर्षालाही यायची. आज ती वाचून उत्कर्षाने संत तुकाराम नगरहून सुटणारी पहिलीच बस पकडली होती.

मशीन चालवणारा रोहिदास खांबाला टेकून उभा होता. परभणीकडचा, ठेक्यावरचा कामगार. पुढच्या महिन्यात त्याला कायम करणार होते.

“हातानं टाकलीत ह्यानं. दुसरं काय?” यशवंतराव म्हणाले. “गेटपास जमा कर, रोहिदास. ब्रेकचा माल हाय, खेळ न्हाई.”

“साहेब, आईच्यान, म्या की-बोर्डला हात बी लावला नाही.”

“मग भुतानं टाइप केलं व्हय?”

“मशीनची लाइट तोडली तवा हा बारा व्हॉल्व्हचा ट्रे तपासून झाला होता का राहिला होता, तेच ध्यानात नाही. चहा घेऊन आलो, स्क्रीनवर झालेला दिसला, म्हणून पुढं सरकवला.”

“सर, चूक स्क्रिप्टमध्येही असू शकते,” उत्कर्षा म्हणाली. “मला थोडा वेळ द्या.”

यशवंतरावांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. “पायथन म्हंजे अजगरच ना? मग कुणाला गिळतोय ते लवकर सांगा. खाली गाडी उभी हाय. बारापर्यंत हा ट्रे चढला न्हाई तर पुढच्या कंपनीची लाइन थांबंल.”

उत्कर्षाने कामाला सुरुवात केली. आधी सगळ्यात साधी शंका. स्क्रिप्ट आकड्यांना अक्षरं समजून वाचते का? तसं झालं की तिला नऊ हा दहापेक्षा मोठा वाटतो. तिने प्रत्येक ओळीचा प्रकार छापून पाहिला. आकडे आकडेच होते.

मग दिवस आणि महिना यांची अदलाबदल झाली आहे का, ते पाहिलं. नव्हती झाली. जुन्याच ओळी दोनदा वाचल्या जातात का? तेही नाही.

यशवंतरावांचा फोन वाजला. “व्हय, निघतीय गाडी, निघतीय,” म्हणून त्यांनी तो खिशात टाकला.

“काल तुमची पण कायतरी ट्रायल चालली होती ना हितं?”

“ती वेगळ्या फाईलवर होती, सर.” तिने मान वर केली नाही.

रोहिदासने दोनदा घसा खाकरला. मग तो हळूच म्हणाला, “मॅडम, गावाकडं सांगून बसलोय, कायम होणार म्हणून.”

उत्कर्षाची बोटं क्षणभर थांबली. 

“रोहिदासदादा,” ती म्हणाली, “पॅकिंगच्या भिंतीवरचं घड्याळ पुढे का असतं?”

“बस चुकू नये म्हणून. कुणी केलंय कुणास ठाऊक, पण सगळ्यांना माहीत हाय.”

“आणि हे?”

तिने मोबाइल स्क्रीनच्या कोपऱ्याशी धरला. मोबाइलवर अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. कंप्यूटरवर अकरा वीस.

यशवंतराव वाकले. “आयला! पंधरा मिनिटं पुढं?”

“पण काल तर...” रोहिदासच्या कपाळाला आठी पडली.

“काल तुम्ही हे घड्याळ बघितलं होतं का? अगदी नक्की?”

रोहिदासने तिच्याकडे पाहिलं, मग यशवंतरावांकडे. “नाही. तसं नक्की नाही.”

तिने स्क्रिप्टमध्ये एकच ओळ वाढवली. प्रत्येक रीडिंगच्या वेळेतून पंधरा मिनिटं वजा. मशीन बंद केल्याची वेळ दुरुस्ती विभागाच्या नोंदीतली होती, ती तशीच ठेवली. स्क्रिप्ट पुन्हा चालवली. बाराही ओळी हिरव्या झाल्या. आता ती सगळी रीडिंग्ज मशीन बंद होण्याच्या आधीची होती.

यशवंतरावांनी रोहिदासच्या पाठीत थाप मारली. “तुमच्या त्या बसपायी आज नोकरी गेली असती की रं! मॅडमला चहा पाज.”

रोहिदासने हात जोडले. उत्कर्षाने नजर वळवली.

“सर, हे बारा व्हॉल्व्ह तरी पुन्हा एकदा तपासून घेऊ या का?”

“आता कशापायी? तुमचीच स्क्रिप्ट म्हणतीय ना बरोबर हाय?”

उत्कर्षाने फाईल बंद केली.

ट्रे ट्रॉलीवर चढला. सगळे चहाला गेले, ती तेवढी जागेवरच बसून राहिली. गाडी गेटबाहेर पडून वळल्याचा आवाज आला.

मग तिने काल दुपारच्या ट्रायलसाठी लिहिलेली दुसरी स्क्रिप्ट उघडली. पास होतील अशी बारा काल्पनिक रीडिंग्ज तयार करून ट्रायलच्या वेगळ्या फाईलमध्ये लिहायची, एवढंच तिचं काम होतं. फाईलचं नाव मात्र खऱ्या फाईलचंच राहून गेलं होतं. उत्कर्षाने ती स्क्रिप्ट पुसून टाकली आणि सकाळी कुणी यायच्या आत स्वतःच पंधरा मिनिटं पुढे सरकवलेलं कंप्यूटरचं घड्याळ पुन्हा जागेवर आणलं.