सहा फूट साग

“लाकडं मोजाले इतिहास कायले पायजे?” म्हणत बापानं लटारूला पंचावन्न साली नागपूरच्या कॉलेजातून पहिल्याच वर्षी काढलं आणि इंद्रावतीकाठी जंगलनाक्यावर नाकेदार म्हणून चिकटवलं. लटारू मापात पक्का निघाला. परवा माडिया आदिवासींच्या गावाबाहेर उभा असलेला, पक्षी कोरलेला सागाचा खांब त्यानं चोरीचा माल समजून उपटून आणला. सहा फूट भरला. मग भेटीला आलेल्या बापासाठी फोडून शेकोटीत घातला. आज त्याच गावची म्हातारी सुकरी चार कोस चालत आली. “खांब माह्या माणसाचा होता. मेल्यावर आमी माणूस असाच उभा करतो. शिकलेला ना तू?” “सागच तं होता, बाई,” बाप हात शेकत म्हणाला. इतिहासात स्मारकांचा धडा दुसऱ्या वर्षाला होता, लटारूला आठवलं. सुकरीनं राखेतून अर्धा जळलेला पक्षी काढून छातीशी धरला, तेव्हा लटारूचा हात सवयीनं खिशातल्या मापाच्या टेपकडे गेला.