बाकावरची सावली

बाटलीवरचं ओलं फडकं पुन्हा वाळलं, तशी प्रिस्किलाने ते तिसऱ्यांदा नळाखाली धरलं. नवापूर स्टेशनवर ऊन बाकापर्यंत पोचत आलं होतं.

बाकाच्या मधोमध रंगवलेल्या रेघेवर बसून परगावच्या दोन पोरी फोटो काढत होत्या. एक पाय महाराष्ट्रात, एक गुजरातेत. प्रिस्किलाला हसू आलं. याच बाकावर आईच्या मांडीवर झोपून ती मोठी झालेली. रेघेचं तिला काय कौतुक!

ती अलीकडच्या, महाराष्ट्रातल्या टोकाला बसली आणि तिने आईला फोन लावला.

“पोर उठली का गं?”

“उठली. तुझी ओढणी हुंगून परत निजली,” आई म्हणाली. “आज परत नाशिकला जाशील?”

“फत्तेसिंगभाऊंनी हो म्हटलं तर नाही.”

फत्तेसिंगांचं हायवेवर हॉटेल होतं. त्यांनी माल घेतला, तर वाइनची कंपनी प्रिस्किलाला याच जिल्ह्याचं काम देणार होती. नाहीतर संध्याकाळची गाडी, आणि आठ महिन्यांची लेक पुन्हा महिनाभर आईकडे. फत्तेसिंगांना तिने पाहिलेलं नव्हतं. हॉटेलच्या फोनवर एकदाच बोलणं झालेलं. ‘बाकावर भेटू.’

नंदुरबारकडून गाडी आली, गेली. पोरीही गेल्या. चकचकीत बुटांचा एक पन्नाशीचा माणूस कापडी पिशवी घेऊन पलीकडच्या टोकाला, सावलीत बसला. त्याची नजर बाटलीवर थांबली.

“फत्तेसिंगभाऊ ना?”

“बोला ना, बेन.”

ती उठू लागली.

“तिकडेच बसा. ऐकू येतं मला.”

पाठ केलेलं सगळं तिने म्हणून दाखवलं. द्राक्षं दिंडोरीची. रंग लाल, तरी थंडच प्यायची. ओतली की फेस येतो.

“सोबत काय खायचं?” त्याने विचारलं.

“आपल्याकडचं तिखट, तेलकट. गावठी कोंबडीचा रस्सा, नागलीची भाकरी. एका घोटात जिभेवरचा तवंग निघून जातो, भाऊ. लोक आणखी एक भाकरी मागतील!”

तो पहिल्यांदा हसला. तिला धीर आला. एवढ्यात बाटलीवर ऊन आलं. ती चटकन बाटली आणि आपली पिशवी उचलून रेघेपलीकडे सावलीत, त्याच्या शेजारी सरकली.

“तिकडेच बऱ्या होत्या,” तो म्हणाला.

“मी तापले तर चालेल, ही तापून चालत नाही. फेस उसळतो.”

त्याने बाटली हातात घेतली. “आत दारूच ना? सरबत नाही?”

“काय भाऊ! छापलंय बघा, अकरा टक्के.”

लेबलावर बोट ठेवून त्याने ते सावकाश वाचलं. “आणि ही तुमची?”

“माझीच समजा. तीन वर्षं हिच्यामागे आहे.”

“आणखी किती आहेत?”

“पिशवीत दोन. पाहिजे तेवढ्या देऊ.”

त्याने मान हलवली आणि बाटली आपल्या बाजूला उभी ठेवली. जमलं, तिला वाटलं. लेकीच्या जावळाचा वास आल्यासारखं झालं.

फोन वाजला. अनोळखी नंबर.

“ताई, फत्तेसिंग बोलतोय. पहिली गाडी चुकली हो. मागच्या गाडीत आहे, खांडबाऱ्याला थांबलीय. बसाल ना जरा?”

तिने वर पाहिलं. त्या माणसाने कापडी पिशवीतून खाकी टोपी काढली, झटकली आणि डोक्यावर नीट बसवली.

“दोनदा सांगितलं, बेन,” तो हळूच म्हणाला. “तिकडेच बसा म्हणून. इकडे दारूबंदी आहे.”