पाणी बघणारं माणूस

दगडमाशाचा विषारी काटा पायात घुसला, तसा म्हातारा मासेमार लंगडत लंगडत दवाखान्यात आला. नर्सने त्याचा पाय गरम पाण्याच्या टबात बुडवला आणि तोंडाचा पट्टा सुरू केला.

"आजोबा, सगळा जन्म समुद्रावर गेला तुमचा. काटा लागला की लगेच पाय गरम पाण्यात घालायचा, हे मी सांगायचं तुम्हाला? पाणी तापवायला काय झालं होतं?"

"तापवलं होतं गं. पण विष चढलं की पाणी कढत आहे की कोमट, ते पायाला कळत नाही. कातडी सोलून निघते. दुसऱ्या कुणीतरी हात घालून बघावं लागतं. ही होती तोवर हीच बघायची."

"अहो, पण तुमचे दोन्ही हात चांगले धडधाकट आहेत की!"

म्हाताऱ्याने मांडीवरचे हात उगाच एकदा उलटेसुलटे करून पाहिले.

नर्सने बाही वर सारली आणि टबात हात घातला. थोड्या वेळाने परत घातला.

"ठणका उतरला का आजोबा?"

"उतरला," तो म्हणाला. "पण पाणी तेवढं आणखी एकदा बघ."