रिकामे सेल

थोरली बहीण दवाखान्यात बाळंतपणाला अडली होती आणि धाकटी कामावर अडकली होती. तिच्या टेबलावर नेटवर्कची नवी चिप चाचणीला लावलेली होती. ही चिप सगळी माहिती सारख्या मापाच्या छोट्या पाकिटांत, म्हणजे सेलमध्ये, भरते, प्रत्येक सेलच्या तोंडाशी पत्ता लावते आणि पुढे पाठवते. पाठवायला काही नसलं, तर रिकामे सेल सोडत राहते.

आज ते रिकामे सेल भरून येत होते.

आतले आकडे लाटेसारखे वरखाली होत होते, म्हणून धाकटीनं ते स्पीकरवर लावले. धडधड ऐकू आली. बारीक आणि भरभर, पाखराच्या छातीसारखी.

तिनं चिपकडून स्पीकरला येणारी केबल उपटून हातात घेतली. धडधड चालूच राहिली. मग ती मंदावली, अडखळली आणि थांबली.

धाकटी स्पीकरवर वाकली. "अगं, थांबू नकोस ना," ती स्पीकरला म्हणाली.

फोन वाजला. आई हसतेय की रडतेय, कळेना. "सुटली गं बाई थोरली! मुलगी झाली. जरा वेळ श्वासच घेईना, आमचा जीव टांगणीला लागला होता. आता बघ कसं भोकाड पसरलंय!"

धाकटी खुर्चीत बसली आणि पोटभर रडली. पडद्यावरचे सेल आता रिकामे होते, असायला हवेत तसे.

तेवढ्यात स्पीकरमधून एक इवलीशी शिंक ऐकू आली.

"अगंबाई," आई फोनवर कौतुकानं म्हणाली, "नाक मुरडतेय बघ. आता शिंकणार वाटतं."