धोटा पार्टीची पहिली कॅसेट

“धोटा पार्टीची पहिली? काका, ती आता नाही मिळायची,” गिरगावातला कॅसेटवाला शिडीवरून उतरत म्हणाला. “नंतरच्या तीन देतो. त्यांना काय झालंय?”

“त्या आहेत माझ्याकडे,” दौलत घाग म्हणाला.

“पहिलीच्या तीनशेच निघाल्या होत्या. संपाच्या आधी. ज्यानं काढल्या त्याचं दुकानपण गेलं.”

दौलतनं मान हलवली. हेच त्याला दादरच्या फुटपाथवर सांगितलं होतं, लालबागच्या मार्केटातही. शोधायला लागून दोन वर्षं झाली, गिरण्यांचा संप होऊन चौदा. कॉटन ग्रीनच्या गोदामावर तो वॉचमन होता. गुरुवारची सुट्टी, आणि दर गुरुवारी ही पायपीट. अठ्ठावन्नाव्या वर्षी जिने नकोसे झाले होते. बायको मालन म्हणायची, “ह्या वयात लोकं देव शोधतात. तुम्ही टेप शोधा.”

मागावरचा धोटा कसा इकडून तिकडे पळत असतो, तसं हे कलापथक या गेटावरून त्या गेटावर जायचं, म्हणून त्याचं नाव धोटा पार्टी. एकाच गिरणीतले पाच जण. विठोबा परब गाणी रचायचा आणि म्हणायचा. रघू ढोलकीवर. दौलत त्याच गिरणीत, वाइंडिंग खात्यात. एक्क्याऐंशी सालात पाळीवर नसेल तेव्हाचा एकही कार्यक्रम त्यानं चुकवला नव्हता. कोरस आला की सगळं मैदान ओरडायचं. दौलत कधी ओरडला नाही. त्याला शब्द नीट ऐकायचे असायचे.

एके काळी सगळी गाणी त्याला तोंडपाठ होती. आता ओळी निसटायला लागल्या होत्या. नंतरच्या कॅसेटींत ती गाणी नव्हती, आणि जी होती त्यांच्यामागे कॅसिओ वाजत होता.

“रघू ढोलकीवाला आहे अजून,” कॅसेटवाला म्हणाला. “चिंचपोकळीला. स्टोव्ह दुरुस्त करतो.”

पुढच्या गुरुवारी दौलत चिंचपोकळीला गेला. पत्र्याच्या खोपटात रघू पिनेनं स्टोव्हचा बर्नर साफ करत बसला होता. हात काळे, केस पांढरे. दौलतनं कॅसेटचं विचारलं. रघू बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिला.

“तुला कशाला पाहिजे?”

“ऐकायचीय. नरे पार्कातलं ते चौदा ऑगस्टचं गाणं आहे ना त्यात, दुसऱ्या बाजूला...”

“तारखेसकट ध्यानात आहे तुझ्या?”

“आहे.”

रघूनं बर्नर फुंकला. “संपात सगळ्यांचीच नोकरी गेली, रे. आमची पाचांची दोन महिने आधीच गेली होती. गेटावर नावं लावली होती. आठवतं?”

“आठवतं,” दौलत म्हणाला.

“माझ्याकडची कॅसेट पोरांनी तोडली. वहिनीकडे असेल. विठोबा गेला ते माहीत आहे ना तुला?”

माहीत होतं. चार वर्षांपूर्वी विठोबाला नेलं तेव्हा दौलत गल्लीच्या तोंडाशी पानाच्या गादीपाशी उभा होता. वर गेला नव्हता.

वर जायला त्याला आणखी तीन गुरुवार लागले.

लालबागची चाळ, तिसरा मजला. गुणवंतीबाई परब दारात सुकट निवडत बसल्या होत्या. तो जिन्याच्या कठड्याला धरून धापा टाकत होता. त्यांनी सूप बाजूला सारलं.

“येवा, घागानू. बसा. पाणी देतंय.”

त्यानं नाव सांगितलं नव्हतं. रघूनं निरोप धाडला असेल, असं त्याला वाटलं. कॅसेटचं विचारताना त्याची जीभ अडखळली.

“आसा,” गुणवंतीबाई म्हणाल्या. “एकच रवलीहा. ती देवची नाय. हयसरच बसान आयका.”

त्यांनी ट्रंकेतून रुमालात बांधलेली कॅसेट काढली आणि टेपमध्ये घातली. आधी नुसती खरखर. मग ढोलकी. मग विठोबाचा आवाज, तरणा, थोडा नाकातला, मैदानाच्या टोकापर्यंत पोचणारा. दौलतनं डोळे मिटले. निसटलेली एकेक ओळ परत येत होती, आणि ती येण्याआधीच त्याचे ओठ हलत होते. गुणवंतीबाई त्याच्या ओठांकडे बघत होत्या. बाहेर कुणीतरी नळावर भांडत होतं. त्यांनी उठून दार लोटून घेतलं.

दुसरी बाजू संपली. टेपचं बटण खटकन वर आलं.

“एक चुकल्यासारखं वाटतं,” दौलत म्हणाला. “ह्यात प्रत्येक कडवं एकदाच आहे. सभेत तर दोन-दोनदा म्हणायचे. दुसऱ्यांदा सावकाश. मला चांगलं आठवतंय. टेपवर जागा कमी पडली असेल.”

“नाय हो,” गुणवंतीबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, दमणूक होती. “सगळीकडे एकदाच म्हणत. दोनदा म्हणत ते फक्त तुम्ही सभेक इलात की. तुम्ही घराक जावन गाणी लिहून काढतात आणि सकाळी गिरणीच्या साहेबाक नेऊन देतात, ह्या ह्येंका पयल्यापासून ठावक होता. रघूभावजी म्हणी, त्येका मारून हाकलूया. तर हे म्हणाले, ‘नको. कामावरून काढतलेच, तर माझ्या शब्दांपायी काढूंदेत, त्येच्या चुकांपायी नको. कडवा दोनदा म्हणा. बिचाऱ्याक नीट पाठ होऊंदे.’”